पार्टीला ‘हो’ म्हणण्याआधी ड्रायव्हरला फोन करा

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या लावण्याचं काम ज्यांनी नुकतंच हातात घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी नाशिकला, अंबडमध्ये एका ट्रान्सपोर्टरकडे ट्रॅफिक, म्हणजे कोणती गाडी कुठे लावायची ते, सांभाळते. मालकाच्या स्वतःच्या गाड्या आहेत, कमी पडल्या की बाजारातून घेतो. माल बहुतेक अंबड, सातपूर, गोंदे आणि सिन्नरच्या कारखान्यांचा, शिवाय जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचे कंटेनर.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन आला, गाडी मागितली, की आपण पटकन ‘देते’ म्हणतो आणि मग ड्रायव्हर शोधायला लागतो. हे उलटं करा. आधी ड्रायव्हरशी बोला, मग पार्टीला वेळ द्या. दहा मिनिटं थांबायला सांगितलं म्हणून कोणी भाडं काढून घेत नाही. जीपीएसवर गाडी घोटीला दिसते, पण ती खाली आहे की अर्धी भरलेली, ड्रायव्हर रात्रभर चालवून आलाय का, मागच्या जोडीतला टायर हवा सोडतोय का, हे तिथं कळत नाही. ते त्या माणसालाच ठाऊक असतं, आणि विचारलं तरच तो सांगतो.

फोनवर काय विचारायचं

‘सातपर्यंत पोचाल ना?’ असं विचारलं की समोरून ‘हो’ येणारच. ऑफिसला नाही कसं म्हणायचं, हा त्याचा विचार असतो. म्हणून मी ‘कुठे आहात? किती वाजतील?’ एवढंच विचारते आणि गप्प बसते. आमच्याकडे मालेगावचे एक चाचा आहेत, इंदूरच्या लाइनवर त्यांच्याइतका जुना माणूस आमच्यात नाही. त्यांच्याशी मागच्या पावसाळ्यात झालेलं बोलणं देते, म्हणजे कसं बोलायचं ते लक्षात येईल.

‘चाचा, गाडी कुठंय?’

‘चांदवड सोडलं, मॅडम.’

‘काही माल शिल्लक आहे का गाडीत?’

‘नाही, पूर्ण खाली. पण ताडपत्री चिंब आहे.’

‘झोप कधी झाली?’

‘सेंधव्याला दोन तास पडलो होतो.’

‘मग आज काही नको. आडगावला गाडी लावा आणि झोपा. उद्या सकाळी सातपूरला इंदूरचा माल आहे. पार्टी आठ म्हणतेय. तुम्हाला कधी जमेल?’

‘ऊन निघालं तर दहा. ताडपत्री पसरून ठेवतो.’

माल होता इलेक्ट्रिक पॅनेलचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. ओली ताडपत्री वर टाकली असती तर खोकी इंदूरपर्यंत ओल धरत गेली असती आणि तिथं पार्टीने माल उतरवून घेतला नसता. मी पार्टीला दहा सांगितले, कारणही सांगितलं. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. आठला गाडी उभी केली असती तर हे मला इंदूरहून कळलं असतं.

त्या फोनमध्ये गाडीचंही विचारून घ्यायचं: डिझेल, टायर, स्टेपनी, रस्सी. बीएस-६ गाडी असेल तर युरिया किती आहे तेही, कारण तो संपला की गाडी ओढत नाही. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, लायसन्स यांच्या तारखा मात्र ड्रायव्हरला विचारत बसू नका. त्या डेस्कने सांभाळायच्या. नाक्यावर कागद संपलेला निघाला की बोलणी तो खातो, आणि चूक ऑफिसची असते.

आणि घरचं विचारायचं. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण पुष्कळ डेस्कवर ते कामाचं मानतच नाहीत. मालेगावच्या ड्रायव्हरला ईद घरी करायची असते, यूपी-बिहारच्या पोरांना छठ आणि होळी, आपल्याकडच्यांना दिवाळी आणि गावची जत्रा. या तारखा वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून ठेवा. ईदच्या चार दिवस आधी चाचांना दिल्लीचा माल दिला तर तो वेळेवर पोचेलही, पण पुढच्या वेळी ते फोन उचलणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पार्टीकडून काय काढून घ्यायचं

‘नऊ-दहा टन असेल’ हे उत्तर घेऊ नका. वजन, नगांची संख्या, सगळ्यात मोठ्या नगाची लांबी-रुंदी-उंची, किती ठिकाणी खाली करायचा, कोणत्या गेटने आत घेणार आणि किती वाजेपर्यंत घेणार, हे सगळं हवं. पॅनेलसारख्या मालात वजनाआधी जागा संपते. बत्तीस फुटी सिंगल ॲक्सल साधारण सात टनांची, तिच्यात पॅनेल पाच टनांवरच छताला टेकतात. कास्टिंगचं, म्हणजे धातूच्या जड ओतीव भागांचं, उलटं: अर्धी गाडी मोकळी दिसते आणि वजन पुरं झालेलं असतं.

लोडिंग कोण करणार, फोर्कलिफ्ट की माथाडी, आणि वराई, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याची मजुरी, कोण देणार, हेही आधीच ठरवा. गेटवर उभं राहून ड्रायव्हरने त्यावरून हुज्जत घालायची हे मला मान्य नाही. बऱ्याच कारखान्यांत सेफ्टी बूट आणि हेल्मेट नसेल तर आत सोडत नाहीत, काही ठिकाणी क्लीनरला बाहेर बसवतात. बुटांवाचून गेटवरून परत आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

हे सगळं ड्रायव्हरला एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या, तुकड्या-तुकड्यांनी नको. माझा मेसेज असा असतो: ‘उद्या सकाळी १०. सातपूर, मागचं गेट. पॅनेलची खोकी, साडेचार टन. इंदूर, दोन पॉइंट. बूट-हेल्मेट लागेल. फोर्कलिफ्टने भरणार, वराई पार्टीची. दुपारी १ ते २ लोडिंग बंद.’ ज्यांना वाचायला जड जातं त्यांना हेच बोलून पाठवते, गरज असेल तिथं हिंदीत.

वजन आणि माल रचणं

२०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दहा चाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. पण आपल्या गाडीला लागू तोच आकडा, जो तिच्या आरसीवर आहे. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरेल तेवढाच माल. आणि रिकामं वजन कागदावरून घेऊ नका, काट्यावर करून घ्या. ताडपत्री, रस्सी, स्टेपनी, भरलेली टाकी, केबिनमधला संसार, हे सगळं मिळून कागदापेक्षा काही क्विंटल जास्तच भरतं.

ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आहे. शिवाय जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. शिरपूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला दोन टन कास्टिंग कुठे उतरवणार आणि राखणीला कोण बसणार? म्हणून काट्याची पावती बघून ड्रायव्हर ‘जास्त आहे’ म्हणाला, की माझ्याकडे तो शब्द शेवटचा. त्यावर मालकाशी बोलायचं ते मी बोलते.

माल कुठे ठेवायचा यात ड्रायव्हरचं डोकं आपल्यापेक्षा चांगलं चालतं. उदाहरण घ्या. एकाच गाडीत धुळ्याचं कास्टिंग आणि इंदूरची खोकी. धुळं आधी येतं, म्हणून डेस्कवरून सरळ हिशोब सुचतो: इंदूरचा माल आत, धुळ्याचा दाराशी. पण जड कास्टिंग एकदम शेपटीला ठेवलं तर गाडी मागून दबते, पुढचा ॲक्सल हलका होतो आणि चांदवडच्या पुढे राहुड घाटात स्टेअरिंग हाताला लागत नाही. सगळं जड केबिनला चिकटवलं तर पुढचा ॲक्सल मर्यादेच्या बाहेर जातो. आमच्या ड्रायव्हरने सुचवलं की उघड्या बॉडीची गाडी घ्या, कास्टिंग मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे मधोमध ठेवू, खोकी दोन्ही बाजूंना वाटू आणि धुळ्यात बाजूचा फाळका उघडून क्रेनने काढू. त्यासाठी धुळ्याच्या पार्टीकडे क्रेन आहे का, एवढंच मला विचारावं लागलं. ती होती. नसती तर मी दोन वेगळ्या गाड्या लावल्या असत्या.

आणखी एक: धुळ्यात माल उतरला की उरलेला माल सैल होतो. तिथं थांबून रस्सी पुन्हा आवळायला अर्धा तास लागतो. तो वेळ प्लॅनमध्ये धरा.

द्राक्षांचा कंटेनर: वेळ मागून पुढे मोजा

ज्या मालाला शेवटची वेळ ठरलेली असते तिथं शेवटाकडून मोजायला सुरुवात करायची. समजा शिपिंग लाइनने न्हावाशेवा बंदरात गेट बंद होण्याची वेळ शनिवारी रात्री १० दिली आहे. मी गाडी शनिवारी दुपारी १२ ला गेटच्या रांगेत धरते, कारण फॉर्म १३ (कंटेनर बंदरात आत न्यायचा कागद), सील, रांग यात किती तास जातील ते आपल्या हातात नसतं. दिंडोरी-मोहाडीकडून न्हावाशेवा सुमारे दोनशे किलोमीटर. चहा, जेवण, घाट आणि घाटानंतर ब्रेक थंड करायला थांबणं धरून आठ तास. पण भिवंडी, कल्याण फाटा भागात दिवसा जड गाड्या ठरावीक वेळेला अडवतात. म्हणजे तो पट्टा पहाटेआधी ओलांडायला हवा. त्यामुळे निघणं शुक्रवारी रात्री १०. लोडिंग, सील आणि कागद यांना चार तास धरले तर गाडी संध्याकाळी सहाच्या आत पॅकहाउसला, म्हणजे द्राक्षं पॅक होतात तिथं, डॉकवर हवी. त्यासाठी रिकामा कंटेनर शुक्रवारी पहाटेच यार्डातून निघाला पाहिजे.

आता हाच हिशोब ड्रायव्हरच्या बाजूने करून बघा. पहाटे यार्डातून निघालेला माणूस दुपारी मोहाडीला पोचतो आणि रात्री १० ला पुन्हा घाट उतरणार. त्याला झोपायला मधले सहा-सात तासच आहेत. म्हणून द्राक्षांच्या लोडिंगला आमचा एक माणूस पॅकहाउसवर थांबतो. पेट्या मोजणं, सही, सील, सगळं तो बघतो आणि ड्रायव्हर झोपतो. त्याला पेट्या मोजायला उभं केलं तर प्लॅन कागदावर बरोबर दिसेल आणि कसारा घाटात तो माणूस झोपेला आलेला असेल. एवढ्यासाठी एक माणूस पाठवायचा खर्च मालकाला जास्त वाटला, तर ही वेळापत्रकं त्यांच्यासमोर मांडा.

रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. द्राक्षं प्रीकूलिंगमधून शून्य अंशाच्या आसपास येऊनच आत गेली पाहिजेत. भरताना फळाच्या गराचं तापमान किती होतं ते बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, लिहून घ्या आणि पॅकहाउसची सही घ्या. नाहीतर पुढे माल गरम निघाला की बोट ड्रायव्हरकडे जातं. त्याने प्रत्येक थांब्यावर डिस्प्लेचा फोटो पाठवायचा आणि जनसेटचं, म्हणजे कंटेनरला वीज देणाऱ्या जनरेटरचं, डिझेल बघायचं, एवढी त्याची जबाबदारी.

रस्ता कोणता, हेही दोघांनी मिळून ठरवा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. टोल वेगळा पडतो, तो भाड्यात धरलाय की नाही हे निघण्याआधी स्पष्ट करा. माझं मत असं की भरलेल्या जड गाडीला तो टोल द्यावा. घाटाने जाणार असतील तर ड्रायव्हरला सांगायची गरज नसावी, पण नवीन मुलांना मी सांगतेच: लहान गिअरमध्ये उतरा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका.

रामनवमीच्या आधी मुंबईहून शिर्डीला पायी पालख्या निघतात, कसारा-घोटी-सिन्नरमार्गे. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणारे भाविक असतात. त्या दिवसांत रात्रीच्या गाडीला एक-दोन तास जास्त द्या आणि ड्रायव्हरला आठवण करा की रस्त्याच्या कडेने माणसं चालत आहेत.

ई-वे बिल

ई-वे बिल म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. ताजी भाजी-फळं, म्हणजे आपला कांदा-टोमॅटो, यातून मोकळी. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. इंदूर नाशिकहून चारशेच्या थोडं वर, म्हणजे तीन दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. हे काम डेस्कचं. म्हणून रस्त्यात गाडी बंद पडली तर ड्रायव्हरने मेकॅनिकच्या आधी मला कळवायचं, मी मुदत बघते. दुसऱ्या गाडीत माल घेतला तर बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा नंबर चढवल्याशिवाय ती गाडी हलवायची नाही.

वाटेत

पार्टीला ड्रायव्हरचा नंबर देऊ नका. लाइव्ह लोकेशनची लिंक द्या आणि चौकशीसाठी डेस्कचा नंबर. पार्टीची तीन माणसं दर अर्ध्या तासाने ‘कुठपर्यंत आलात’ विचारत असतील तर तो गाडी चालवणार कधी? मी स्वतःही चालत्या गाडीत फोन करत नाही. थांबे आधी ठरलेले असतात. इंदूरला जाताना मालेगाव, शिरपूर, सेंधवा. तिथं थांबला की तो ‘पोचलो’ म्हणून टाकतो. तासभर उशीर झाला तर मी काळजी करते, तेव्हा मात्र फोन करते.

मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगायचा; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. प्लॅन करताना हे आकडे समोर ठेवा. आणि ड्रायव्हर ‘डोळे मिटतायत’ म्हणाला की तिथंच थांबायचं, पेट्रोल पंप बघून. पार्टीला उशिराचं मी सांगते. ‘गाडी उद्या सकाळी आठला लागेल, ड्रायव्हर विश्रांती घेतोय’ असं सरळ सांगते, टायर फुटल्याचं खोटं सांगत नाही. आधी कळवलेला उशीर बहुतेक पार्ट्या समजून घेतात.

पैसे, होल्टिंग, परतीचं भाडं

ॲडव्हान्स गाडी कारखान्याच्या बाहेर पडायच्या आत खात्यात गेला पाहिजे. फास्टॅगमध्ये शिल्लक बघा. चलान आलं तर कोणाचं, हे आधीच ठरलेलं असू द्या. आमच्याकडे वजनाचं आणि कागदांचं ऑफिसचं, वेगाचं ड्रायव्हरचं.

होल्टिंगवरून, म्हणजे गाडी ताटकळत ठेवल्याच्या पैशांवरून, सगळ्यात जास्त कटकटी होतात. इथल्याच एका कारखान्याने सकाळी दहाला बोलावलेली आमची गाडी संध्याकाळी आत घेतली आणि पुढे महिनाभर ‘गाडीच उशिरा आली’ म्हणत बसले. गेटच्या रजिस्टरचा फोटो होता म्हणून पैसे निघाले. तेव्हापासून नियम: गेटवर पोचलं की रजिस्टरचा किंवा गेटपासचा फोटो, बिल्टीवर आत-बाहेरची वेळ आणि शिक्का. फोटो लगेच ऑफिसच्या ग्रुपवर.

परतीचा माल शोधायला गाडी खाली होण्याच्या आदल्या दिवशी लागा. इंदूरला देवास नाक्यावर कोणता ब्रोकर पैसे वेळेवर देतो हे ड्रायव्हरांना आपल्यापेक्षा पक्कं माहीत असतं. नाशिकचं थेट भाडं नसेल तर दोन दिवस वाट बघण्यापेक्षा मी धुळ्याचं घेते. धुळ्याहून दीडशेच्या वर किलोमीटर रिकामी आली तरी दोन दिवसांच्या खोळंब्यापेक्षा स्वस्त पडते. चाचांना तर ते हवंच असतं, वाटेत मालेगावला घरी एक रात्र होते. उन्हाळ्यात आणि सणासुदीला हे गणित बदलतं, त्यामुळे दर वेळी त्यांना विचारून मगच ब्रोकरला हो म्हणते.

गाडी खाली झाल्यावर

पोच पावती शिक्क्यासह आली का, हे बघून फोन ठेवू नका. आणखी दोन मिनिटं घ्या. कोणतं गेट, खाली करायला किती तास लागले, हमालीचे किती मागितले, उभं राहायला जागा आहे का, पाणी-संडास आहे का, रात्री गाडी आत घेतात का, हे विचारा आणि पार्टीच्या नावापुढे वहीत लिहा. आमची ती वही आता जाडजूड झाली आहे. नवीन ड्रायव्हर पहिल्यांदा पीथमपूरला किंवा चाकणला निघाला की त्या पानाचा फोटो त्याला निघण्याआधी पाठवते, आणि परत आल्यावर त्याच्याकडून त्यात भर घालून घेते.